खिशातल्या गाण्यांची निगा : म्युझिक प्लेअर निवडताना आणि वापरताना

'ॲपल' कंपनीने १० मे २०२२ रोजी आयपॉड टचचे उत्पादन थांबवीत असल्याचे जाहीर केले आणि २३ ऑक्टोबर २००१ रोजी पाच जीबी क्षमतेच्या पहिल्या आयपॉडने सुरू झालेला एक अध्याय संपला. घड्याळ, कॅमेरा आणि कॅल्क्युलेटर यांच्यापाठोपाठ मोबाइल फोनने गाण्यांची डबीही गिळली, असाच निष्कर्ष त्या वेळी काढण्यात आला. तो पुरता खरा ठरला नाही. सोनीने 'वॉकमन' हे नाव सोडलेले नाही. फिओ, हायबाय, शानलिंग या चिनी आणि ॲस्टेल अँड केर्न या दक्षिण कोरियन नाममुद्रांचे स्वतंत्र प्लेअर बाजारात आहेत. जुने आयपॉड दुरुस्त करून वापरणाऱ्यांचा एक हौशी वर्गही जगभर तयार झाला आहे.

मराठी घरांत या विषयाला आणखी एक बाजू आहे. नाट्यसंगीताच्या कॅसेट, भावगीतांच्या सीडी, गावच्या सप्ताहात कोणीतरी टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतलेले कीर्तन, आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या यांतील पुष्कळसा ऐवज कोणत्याही ॲपवर मिळणार नाही. तो घरातच आहे आणि घरातच नष्ट होऊ शकतो. त्यामुळे कोणता प्लेअर घ्यावा या प्रश्नाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, फाइली कशा सांभाळाव्यात हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

स्वतंत्र प्लेअर हवाच का?

बहुतेकांना नको. ज्यांच्या फोनला मेमरी कार्डाची खाच आणि इअरफोनची ३.५ मिलिमीटरची जागा आहे, त्यांनी एक चांगले कार्ड घेऊन त्यावर गाणी ठेवली तरी काम भागते. वेगळ्या उपकरणाची गरज पडते ती काही विशिष्ट मंडळींना. दहावी-बारावीचा अभ्यास करताना फोन दूर ठेवू इच्छिणारे विद्यार्थी, टचस्क्रीनपेक्षा बटणे सोयीची वाटणारे ज्येष्ठ नागरिक, पहाटे फिरायला जाताना फोन घरी ठेवणारे लोक आणि हजारो फाइलींचा स्वतःचा संग्रह असलेले रसिक यांचा त्यात समावेश होतो. ज्येष्ठांसाठी सारेगामा कंपनीने २०१७मध्ये आणलेला 'कारवां' हा पाच हजार गाणी आधीच भरलेला, जुन्या रेडिओच्या वळणाचा संच लोकप्रिय झाला. त्याची मराठी आवृत्तीही निघाली. तो खिशात मावणारा नव्हे. पण यूएसबी ड्राइव्हवरची आपली गाणी त्यात वाजविता येतात, हे अनेक खरेदीदारांना ठाऊक नसते.

फोनवर दरमहा वर्गणी भरून गाणी ऐकण्याची सोय असताना फाइलींचा व्याप कशाला, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर गेल्या काही वर्षांतील घडामोडींतच मिळते. 'रेसो' ही सेवा ३१ जानेवारी २०२४ रोजी भारतात बंद झाली. 'विंक म्युझिक' बंद करण्याचा निर्णय त्याच वर्षी एअरटेलने जाहीर केला. अशा ॲपमध्ये 'डाउनलोड' केलेले गाणे प्रत्यक्षात कुलूपबंद असते. ते दुसऱ्या प्लेअरवर नेता येत नाही आणि वर्गणी संपली की तेही संपते. याउलट उदाहरण फ्लिपकार्टच्या 'फ्लाइट' या गाणी विकणाऱ्या दुकानाचे आहे. फेब्रुवारी २०१२मध्ये सुरू झालेले हे दुकान जून २०१३मध्ये बंद पडले. परंतु तेथून विकत घेतलेल्या एमपीथ्री फाइलींना कुलूप नव्हते. ज्यांनी त्या संगणकावर उतरवून ठेवल्या, त्यांच्या संग्रहात त्या राहिल्या.

फाइलींचे प्रकार

कॉम्पॅक्ट डिस्कवर ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटांत, दोन वाहिन्यांवर नोंदलेले असतात. हा हिशेब मिनिटाला सुमारे साडेदहा एमबी होतो, म्हणजे पाच मिनिटांच्या गाण्याला ५३ एमबी. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी ज्या तंत्राच्या विकासात प्रमुख वाटा उचलला, त्या एमपीथ्रीने हा आकार दहा-अकरा पटींनी घटविला. मोठ्या आवाजाच्या सावलीत झाकला जाणारा बारीक आवाज कानाला जाणवत नाही, तो नोंदण्यात जागा खर्ची घालू नये, हे त्यामागचे तत्त्व. १९९८मध्ये आलेल्या 'डायमंड रिओ' या प्लेअरची क्षमता ३२ एमबी होती. त्यात १२८ केबीपीएस दर्जाची जेमतेम अर्ध्या तासाची गाणी मावत. एवढ्याशा डबीमुळे अमेरिकेतील ध्वनिमुद्रिका कंपन्यांची संघटना न्यायालयात गेली आणि हरली. एमपीथ्रीच्या पेटंटवरील परवाना योजना २०१७मध्ये संपुष्टात आली असून आज हा प्रकार कोणालाही मोकळेपणाने वापरता येतो.

केबीपीएस म्हणजे ध्वनीच्या एका सेकंदासाठी खर्च होणारे हजार बिट. १२८ केबीपीएसला पाच मिनिटांचे गाणे सुमारे ४.८ एमबी, तर ३२० केबीपीएसला १२ एमबी जागा घेते. 'एएसी', 'ऑग व्हॉर्बिस' आणि २०१२मध्ये प्रमाणित झालेला 'ओपस' हे प्रकार कमी जागेत एमपीथ्रीपेक्षा चांगला ध्वनी देतात. मात्र स्वस्त प्लेअर ते वाजवतीलच, याची खात्री नसते. 'फ्लॅक' हा प्रकार वेगळ्या जातीचा आहे. तो काहीही टाकून देत नाही, केवळ घडी घालून ठेवतो. उलगडले की मूळ ध्वनी बिटागणिक परत मिळतो. त्यासाठी सीडीच्या साधारण निम्मी जागा लागते. ३२ जीबीच्या कार्डावर पाच मिनिटांची १२८ केबीपीएसची साडेसहा हजार, ३२० केबीपीएसची अडीच हजारांहून थोडी अधिक, तर फ्लॅकमधील सुमारे एक हजार गाणी बसतात.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. १२८ केबीपीएसची फाइल ३२० केबीपीएसमध्ये किंवा फ्लॅकमध्ये रूपांतरित केल्याने ध्वनी सुधारत नाही. जे एकदा टाकून दिले ते परत येत नाही. फाइल तेवढी फुगते. म्हणून सीडी किंवा कॅसेट संगणकावर घेताना पहिली प्रत फ्लॅकमध्ये करावी, ती मूळ दस्तऐवज म्हणून जपावी आणि प्लेअरसाठी तिच्यापासून एमपीथ्री किंवा एएसी प्रती काढाव्यात. प्लेअर बदलला, नवा प्रकार आला, तरी पुन्हा सीडी शोधत बसावे लागत नाही.

'हाय-रेझ' म्हणून विकल्या जाणाऱ्या २४ बिटांच्या फाइलींबाबत संयम बाळगलेला बरा. मूळ ध्वनिमुद्रण १९६०च्या दशकातील फितीवरचे असेल, तर मोठ्या आकड्यांनी त्यात नवे काही उमटत नाही. शिवाय ब्लूटूथवरून ऐकायचे झाल्यास ध्वनी वाटेत पुन्हा दाबला जातो. सोनीने २०१५मध्ये आणलेले 'एलडॅक' तंत्र कमाल ९९० केबीपीएसपर्यंत जाते, म्हणजे सीडीच्या १,४११ केबीपीएसपेक्षाही कमीच. खर्च करायचा असेल तर तो आधी इअरफोनवर करावा. पाच हजारांचा प्लेअर आणि दोनशे रुपयांचा इअरफोन ही जोडी बाजारात नेहमी दिसते आणि ती उलटी असायला हवी.

उपकरण घेताना

पहिली अट कार्डाची खाच. अंगभूत क्षमता वाढविता येत नाही, कार्ड बदलता येते. मात्र प्लेअर किती क्षमतेपर्यंतचे कार्ड स्वीकारतो, हे पुस्तिकेत पाहून घ्यावे. ३२ जीबीपर्यंतची कार्डे 'फॅट-३२' या पद्धतीने आखलेली असतात, त्यापुढची 'एक्सफॅट'ने. आणि जुन्या प्लेअरना दुसरी पद्धत वाचता येत नाही. ३२ जीबीचे कार्ड संगणकावर २९.८ दिसले म्हणून दुकानदाराशी हुज्जत घालू नये. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १,०२४च्या पटीत, एवढाच तो फरक आहे.

खरी फसवणूक निराळी असते. अत्यल्प किमतीला मिळणाऱ्या अनेक कार्डांत आणि बिननावाच्या प्लेअरमध्ये ५१२ जीबी असे लिहिलेले असते, प्रत्यक्षात आत आठ किंवा सोळा जीबीची चिप असते. संगणकालाही ते ५१२च दिसते, कारण चिपच खोटे सांगत असते. पहिली काही गाणी वाजतात, नंतरची वाजत नाहीत, आणि तोवर मूळ फाइली पुसल्या गेलेल्या असतात. विंडोजवर 'एचटूटेस्टडब्ल्यू' आणि लिनक्स वा मॅकवर 'एफथ्री' हे मोफत प्रोग्रॅम कार्ड पूर्ण भरून व परत वाचून खरी क्षमता सांगतात. काही तास लागतात. पण कार्ड परत करण्याची मुदत संपण्याआधीच ही परीक्षा घ्यावी.

दुसरी बाब बॅटरीची. लिथियम बॅटरी वापरली तरी आणि न वापरली तरी वयाने थकते. ती उपकरणात चिकटविलेली असेल, तर चार-पाच वर्षांनी दुरुस्तीचा खर्च नव्या प्लेअरच्या जवळपास जातो. पाठीमागचे झाकण फुगलेले दिसल्यास प्लेअर चार्जिंगला लावू नये. जुना आयपॉड घेणाऱ्यांनीही बॅटरी बदलावी लागेल असे गृहीत धरावे. सप्टेंबर २०१४मध्ये विक्रीतून काढून घेतलेल्या आयपॉड क्लासिकमध्ये १.८ इंची फिरती हार्ड डिस्क असे. तिच्या जागी मेमरी कार्ड बसविण्याचे जोडभाग मिळतात आणि ती शस्त्रक्रिया झाल्यावर हे यंत्र अधिक हलके होते, बॅटरीही जास्त टिकते.

तिसरी बाब जोडणीची. संगणकाला लावल्यावर प्लेअर साध्या पेनड्राइव्हप्रमाणे दिसणे सर्वांत सोयीचे. आयपॉड क्लासिकची तऱ्हा निराळी होती. आयट्यून्स गाणी एका लपविलेल्या फोल्डरमध्ये टाकत असे आणि फाइलींना चार अक्षरांची निरर्थक नावे देत असे. संगणक बिघडला म्हणून आयपॉडवरून गाणी परत घ्यायची असतील, तर संगणकात 'लपविलेल्या फाइली दाखवा' हा पर्याय निवडून तो फोल्डर उचलावा. नावे विचित्र असली तरी प्रत्येक फाइलच्या पोटात गाण्याची माहिती शाबूत असते.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांनी खरेदीपूर्वी एक गोष्ट अवश्य तपासावी : दोन ट्रॅकमध्ये खंड पडतो का. मैफलीच्या सीडीवर विलंबित ख्याल एका ट्रॅकवर आणि द्रुत पुढच्या ट्रॅकवर असतो, पण गाणे अखंड चाललेले असते. तानपुरा सुरू असताना मध्येच क्षणभराची शांतता येणे रसभंग करते. एमपीथ्री फाइलच्या आरंभी व शेवटी थोडी रिकामी जागा तंत्रामुळेच शिल्लक राहते आणि ती वगळण्याची अक्कल प्रत्येक प्लेअरला नसते. फ्लॅकमध्ये फाइलपुरती ही अडचण उद्भवत नाही. दुकानात आपले कार्ड घालून एकदा ऐकून पाहणे हाच उपाय.

नावे, टॅग आणि देवनागरी

प्लेअरच्या पडद्यावर गायकाचे नाव दिसते ते फाइलच्या नावातून नव्हे, तर आत दडलेल्या 'आयडीथ्री' टॅगमधून. १९९६मध्ये आलेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीत शीर्षकाला अवघ्या ३० अक्षरांची जागा होती आणि देवनागरीची सोयच नव्हती. पुढील आवृत्त्यांत युनिकोड आले. त्यातील २.३ ही आवृत्ती सर्वाधिक प्लेअरना कळते. म्हणून टॅग लिहिताना तीच निवडावी. 'एमपीथ्रीटॅग' आणि 'म्युझिकब्रेन्झ पिकार्ड' हे मोफत प्रोग्रॅम या कामासाठी पुरेसे आहेत. दुसरा प्रोग्रॅम ध्वनीच्या ठशावरून गाणे ओळखण्याचा प्रयत्न करतो. हिंदी चित्रपटगीतांबाबत तो बरा चालतो, जुन्या मराठी ध्वनिमुद्रिकांबाबत त्याच्यावर विसंबून राहू नये.

देवनागरीत टॅग लिहावेत की रोमनमध्ये, हा प्रश्न प्लेअरनेच सोडविलेला असतो. पुष्कळ स्वस्त प्लेअरमध्ये देवनागरी टंक नसतो आणि नावाच्या जागी चौकोन दिसतात. काहींत अक्षरे दिसतात, पण जोडाक्षरे तुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्लेअरमध्ये ही अडचण येत नाही. प्लेअर घेण्यापूर्वी एका फाइलला देवनागरी टॅग देऊन पाहावा. काहीही ठरविले तरी सरमिसळ करू नये. कारण यादीत आधी सर्व रोमन नावे लागतात, मग देवनागरी, आणि एकच गायक दोन ठिकाणी विभागला जातो.

हे विभाजन इतर मार्गांनीही होते. 'भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी' आणि 'पंडित भीमसेन जोशी' हे यंत्राच्या दृष्टीने तीन गायक आहेत. उपाध्या टॅगमध्ये ठेवल्या, तर अर्धा संग्रह 'प' आणि 'उ' या दोनच अक्षरांखाली गोळा होतो. आदर मनात ठेवून यादीत नाव साधे लिहावे, हे सोयीचे.

अनेक गायकांच्या संग्रहासाठी 'अल्बम कलाकार' हा रकाना भरणे अत्यावश्यक आहे. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये प्रसारित झालेल्या 'गीतरामायणा'तील ५६ गीते निरनिराळ्या गायकांनी गायली होती. अशा मालिकेच्या फाइलींत हा रकाना रिकामा ठेवला, तर प्लेअर गायकागणिक तितके अल्बम करून मोकळा होतो. तेथे 'सुधीर फडके' असे एकच नाव लिहिले की सारी गीते एका ठिकाणी येतात. गीतकाराचा रकाना बहुतेक प्लेअर दाखवीतच नाहीत. मराठी श्रोता मात्र गाणे कवीच्या नावानेही शोधतो. त्यासाठी 'शेरा' या रकान्यात कवीचे नाव लिहून ठेवावे, म्हणजे संगणकावर तरी शोध घेता येईल. नाट्यसंगीतासाठी नाटकाचे नाव अल्बमच्या जागी आणि नाटकाचे वर्ष वर्षाच्या जागी, उदाहरणार्थ 'मानापमान', १९११, हा परिपाठ चांगला. ध्वनिमुद्रण कधीचे, हे शेऱ्यात लिहावे.

सीडीवर बहुधा गाण्यांची नावे नसतातच. संगणक ट्रॅकच्या लांबीवरून इंटरनेटवरील सूचीत नावे शोधतो. त्या सूचीत कोणा हौशी व्यक्तीने घातलेल्या चुका तशाच उतरतात, तेव्हा सीडीचे वेष्टन शेजारी ठेवून तपासणी करावी.

फाइलींच्या नावांत क्रमांक ०१, ०२ असे दोन अंकी द्यावेत. अन्यथा १ नंतर १० येतो आणि २ मागे पडतो. अगदी साधे प्लेअर तर नावांकडेही पाहत नाहीत. ज्या क्रमाने फाइली कार्डावर आल्या, त्याच क्रमाने ते वाजवितात. हरिपाठाचे अभंग उलटसुलट वाजत असल्याची तक्रार असेल, तर कार्ड रिकामे करून फाइली एकेक करून क्रमाने पुन्हा टाकाव्यात. मॅक संगणकावरून कार्ड भरले असता प्रत्येक गाण्याबरोबर एक न वाजणारी छोटी फाइल उतरते. ती पुसली तरी चालते.

कॅसेटवरचा ऐवज

हे काम सर्वांत किचकट आहे आणि ते पुढे ढकलण्याजोगे नाही. चालू स्थितीतले कॅसेट डेक कमी होत चालले आहेत. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत फितीला बुरशी लागते, फीत दाबून धरणारा स्पंजाचा तुकडा गळून पडतो. काम सुरू करण्यापूर्वी कॅसेटच्या वरच्या कडेवरील दोन्ही छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडून टाकावेत, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी जुने पुसले जाणार नाही. डेकचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावे. फीत एकदा टोकापर्यंत पुढे आणि मागे गुंडाळावी. डेकच्या 'लाइन आउट'मधून संगणकाच्या 'लाइन इन'मध्ये तार जोडून 'ऑडॅसिटी' या मोफत प्रोग्रॅमवर ध्वनी उतरवावा. आवाजाची पातळी सर्वोच्च मर्यादेच्या बरीच खाली ठेवावी, कारण एकदा फाटलेला आवाज सांधता येत नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटेच लागतात आणि सुमारे ६३५ एमबी जागा. खरखर काढण्याचा मोह आवरावा. ते काम प्रतीवर करावे, मूळ फाइल आहे तशी राहू द्यावी.

कायद्याची बाजू

मेमरी कार्ड दिले की पन्नास-शंभर रुपयांत हजार गाणी 'भरून' देणारी दुकाने रेल्वे स्थानकांबाहेर वर्षानुवर्षे दिसत आली आहेत. हा व्यवहार बेकायदा आहे. टॅग चुकलेले, दर्जा हलका आणि कार्डासोबत व्हायरस येण्याची शक्यता, हे त्याचे व्यावहारिक तोटे. स्वतः विकत घेतलेल्या सीडीची स्वतःच्या वापरासाठी प्रत करणे ही निराळी गोष्ट असून, कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ५२ खासगी वापरासाठी वाजवी मुभा देते. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. मात्र गीत व चाल यांवरील हक्क कवी-संगीतकारांच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत असतो. म्हणून जुनी ध्वनिमुद्रिका इंटरनेटवर चढविण्यापूर्वी दोन्ही बाजू पाहाव्यात.

कान आणि प्रती

लोकलच्या गोंगाटात आवाज वाढविला जातो आणि तो वाढल्याचे लक्षातही येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित आहे. ९० डेसिबलला हीच मर्यादा चार तासांवर येते. कानात घट्ट बसणारे, बाहेरचा आवाज अडविणारे इअरफोन प्रवासात वापरले, तर आवाज कमी ठेवूनही गाणे नीट ऐकू येते. रस्ता किंवा रूळ ओलांडताना मात्र ते काढलेच पाहिजेत.

राहता राहिला प्रश्न प्रतींचा. प्लेअरवरचे कार्ड ही प्रत मानू नये. ते हरवते, मोडते आणि वर्षानुवर्षे वीज न मिळाल्यास त्यातील नोंदी विरूही शकतात. मूळ फाइली संगणकावर, दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावंडाकडे किंवा क्लाउडवर, अशी विभागणी असावी. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आवराआवरीत म्हणा, डिस्क जोडून चार-दोन फाइली वाजवून पाहाव्यात. घरगुती ध्वनिमुद्रणांच्या शेऱ्यात आवाज कोणाचा, गाव कोणते, प्रसंग कोणता आणि साल कोणते, हे लिहून घ्यावे, आणि ते आवाज ओळखणारी माणसे घरात आहेत तोवरच त्यांना शेजारी बसवून लिहावे.